गरम झाल्यावर मधूनच दगा देणारे इग्निशन : जुन्या मोटारसायकलमधला दोष कसा पकडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठ-एक वर्षांपूर्वीची ३५० सीसीची एक सिलिंडरची मोटारसायकल, ६ व्होल्टची बॅटरी, पॉइंट (इंजिनाबरोबर उघडझाप करणारा स्विच) आणि कॉइलचे इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा. थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते, २०-२५ मिनिटे उत्तम चालते आणि मग मिस मारू लागते. कधी खड्ड्यातून गेल्यावर क्षणभर बंद होऊन पुन्हा पकडते, तर कधी पूर्ण बंद पडते. १०-१५ मिनिटे थांबले की पहिल्या किकला सुरू. प्रश्नकर्त्यांनी प्लग, पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर) आणि शेवटी कॉइलही बदलली, कार्ब्युरेटर साफ केला, तरी दोष जागच्या जागी आहे. आता आणखी काय बदलावे, असे ते विचारतात.

माझे पहिले सांगणे असे की, सध्या काहीही बदलू नका. चार भाग बदलूनही दोष राहिला, याचा अर्थ एक तर तो या चारही भागांच्या बाहेर आहे, किंवा नव्याने बसवलेला एखादा भागच सदोष आहे आणि आता एकाच्या जागी दोन दोष नांदत आहेत. दुसरी शक्यता विचित्र वाटेल, पण जुन्या गाड्यांसाठी आज जे कंडेन्सर मिळतात त्यांच्या बाबतीत मी ती कधीच नाकारत नाही. तिसराही एक अर्थ निघतो, त्याकडे पुढे येतो. काढलेले जुने भाग टाकून दिले नसतील तर प्रत्येकाला चिठ्ठी लावून जपून ठेवा. त्यांतले एक-दोन पुन्हा कामाला येतील.

खरी अडचण कोणता भाग खराब आहे ही नाहीच. कायमचा दोष शोधणे सोपे असते, कारण तो हलत नाही. अधूनमधून येणारा दोष मात्र आपण पाने हातात घेईपर्यंत निघून गेलेला असतो. थंड गाडी स्टँडवर लावून, टाकी उतरवून, निवांतपणे केलेली तपासणी ही निरोगी गाडीची तपासणी असते आणि तिच्यातून ‘सगळे ठीक आहे’ एवढेच बाहेर पडते. मग माणूस अंदाजाने भाग बदलत सुटतो आणि रोग रेड्याला, औषध पखालीला अशी गत होते. म्हणून या कामात दिशा उलटी ठेवावी लागते : दोष हजर असेल तेव्हाच मोजायचे, आणि तो आपणहून येत नसेल तर उष्णता, हादरा, ओल आणि इंजिनावरचा ताण यांपैकी जे त्याला आणते ते मुद्दाम पुरवून त्याला बोलावून घ्यायचे.

त्याआधी हा दोष इग्निशनचाच आहे का, याची खात्री करून घ्या. विजेचा दोष सहसा चावी फिरवल्यासारखा वागतो. इंजिन एकदम मुके होते, कधी लगेच परतते, आणि परतताना सायलेन्सरमध्ये साठलेल्या न जळलेल्या वायूचा फटाका वाजतो. पेट्रोल अपुरे पडत असेल तर गाडी हळूहळू दम सोडते, थ्रॉटल कमी केला की सावरते, आणि चॉक थोडा लावला की काही क्षण बरी चालते. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले असेल तर काय होते, हे तुमच्या वर्णनाशी पडताळून पाहा : २०-२५ मिनिटांत टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोल उतरेनासे होते, गाडी बंद पडते आणि थांबल्यावर हळूहळू हवा आत शिरून सगळे पूर्ववत होते. मी स्वतः एका गाडीची कॉइल दोनदा बदलल्यावर शेवटी दोष या छिद्रात सापडला होता, आणि तेव्हापासून गाडी बंद पडली की आधी झाकण सैल करून ‘सुस्स’ असा आवाज येतो का ते ऐकतो. तुमच्या गाडीचे खड्ड्यातले क्षणिक बंद पडणे मात्र पेट्रोलचे वाटत नाही, म्हणून पुढचे सगळे विजेबद्दल लिहितो.

तुमच्या वर्णनात दोन लक्षणे एकत्र आली आहेत : एक हादऱ्याने होणारे, दुसरे उष्णतेने होणारे. दोन्हींचे मूळ एक असू शकते, उदाहरणार्थ आतून तुटत आलेली वायर, जी गरम झाल्यावर सैलावते आणि हादऱ्याने सुटते. पण दोन वेगळे दोषही असू शकतात, आणि एक दुरुस्त झाला तरी दुसरा उरल्यामुळे ‘काहीच फरक पडला नाही’ असे वाटत राहते. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने ठेवा. क्षणभर तुटली तर एका रकान्यात, गरम होऊन बंद पडली तर दुसऱ्यात. सोबत किती मिनिटांनी, कितव्या गिअरमध्ये, चढावर की सपाटीवर, दिवा चालू होता की बंद, एवढे लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की चित्र आपोआप स्पष्ट होऊ लागते.

आता तो तिसरा अर्थ. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही रचना अमेरिकन संशोधक चार्ल्स केटरिंग यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे तत्त्व साधे आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने ऊर्जा साठते. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि सगळी गोम या ‘वर्गा’त आहे. तुमच्या ६ व्होल्टच्या कॉइलचा रोध थंडपणी १.६ ओहम धरला, तर ३.७५ अँपिअर करंट वाहतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. टाकीखाली, इंजिनाच्या वाफेत कॉइलचे तापमान ६० अंशांनी वाढले, तर तोच रोध जवळजवळ २ ओहम होतो आणि ऊर्जा ६४ टक्क्यांवर येते. ही निर्दोष कॉइलची गोष्ट आहे. आता इग्निशन स्विचच्या काळवंडलेल्या पितळी पट्ट्यांत आणि दोन-तीन गंजक्या जोडांत मिळून अर्धा ओहम आहे असे समजा. कॉइल थंड असताना एवढ्यानेच ऊर्जा ५८ टक्क्यांवर येते, पण गाडी चालते आणि कोणाला कळत नाही. कॉइल गरम आणि स्विच मळका, असे दोन्ही एकत्र आले की उरतात फक्त ४१ टक्के. थंडीत चालणारी गाडी उष्णतेत बंद पडायला एवढे पुरेसे आहे, आणि यात एकही भाग ‘खराब’ नाही.

म्हणून पहिले मोजमाप कॉइलवर घ्या. पॉइंट मिटलेल्या स्थितीत इंजिन ठेवून चावी चालू करा आणि मल्टिमीटरने तीन ठिकाणी व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत वाया जाणारे व्होल्ट, पाहा : बॅटरीच्या टोकापासून कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकापर्यंत, पॉइंटच्या टर्मिनलपासून इंजिनाच्या धातूपर्यंत, आणि इंजिनाच्या धातूपासून बॅटरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. ६ व्होल्टच्या गाडीत पहिला आकडा ०.३ च्या वर आणि उरलेले दोन ०.१ च्या वर गेले तर मी पुढे जातच नाही. आधी ते जोड उघडून, घासून, घट्ट करतो. मोजताना चावी एखाद्या मिनिटापेक्षा जास्त चालू ठेवू नका, कारण पॉइंट मिटलेले असताना कॉइल बावीस-तेवीस वॉट उष्णता खात बसते. हेच मोजमाप गाडी फिरवून आणल्यावर, गरम असताना पुन्हा घ्या. दोन वेळच्या आकड्यांतला फरक हा एकेका आकड्यापेक्षा जास्त बोलका असतो.

त्याच बैठकीत नव्या कॉइलचा रोधही मोजा. ६ व्होल्टच्या कॉइलचे पहिले, म्हणजे जाड तारेचे, वेटोळे साधारण १.५ ते २ ओहमचे असते, १२ व्होल्टच्या कॉइलचे ३ ते ४ ओहमचे. दोन्ही दिसायला सारख्याच असतात, आणि चुकून १२ व्होल्टची बसवली गेली तर करंट निम्म्यावर येतो. गाडी तरीही सुरू होते, हेच फसवे आहे. आणखी एक गोष्ट : त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचे धन टोक चॅसीला जोडलेले असते. जुन्या कॉइलवर ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरे असायची, म्हणजे स्विच आणि पॉइंट. नव्या कॉइलवर अधिक आणि उणे अशी चिन्हे असतात. धन टोक चॅसीला असलेल्या गाडीत उणे चिन्हाचे टोक स्विचकडे आणि अधिक चिन्हाचे पॉइंटकडे जायला हवे. उलटे जोडले तरी ठिणगी पडते, पण प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकाकडून इलेक्ट्रॉन सुटण्याचा जो फायदा मिळतो तो जातो आणि प्लगला बरेच जास्त व्होल्टेज लागते. कॉइल बदलताना ही चूक फार सहज होते.

एवढे झाल्यावर गाडीवर एक साक्षीदार बसवा. ६ व्होल्टचा, अर्ध्या-पाऊण वॉटचा छोटा बल्ब होल्डरसह घ्या. एक वायर कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकाला आणि दुसरी थेट इंजिनाच्या धातूला जोडा, आणि बल्ब हँडलवर डोळ्यांसमोर पट्टीने बांधा. चावी चालू असेपर्यंत हा बल्ब जळत राहिला पाहिजे. गाडीने मिस मारली किंवा ती बंद पडली त्या क्षणी बल्ब विझला किंवा लुकलुकला, तर दोष बॅटरी, फ्यूज, स्विच आणि कॉइलपर्यंतच्या वायरिंगमध्ये आहे. गाडी बंद पडली आणि बल्ब मात्र शांतपणे जळत राहिला, तर पुरवठा निर्दोष आहे आणि शोध पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, एचटी वायर (कॉइलपासून प्लगकडे जाणारी उच्च व्होल्टेजची वायर) आणि प्लग एवढ्यापुरता उरतो. एका बल्बने अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते. ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात करा आणि बल्बकडे टक लावून पाहत बसू नका. अंधूक उजेडात तो नजरेच्या कडेलाही कळतो. असाच बल्ब पॉइंटला समांतर जोडून गाडी चालवायचा मोह टाळा. पॉइंट उघडताना तिथे दोन-तीनशे व्होल्टचा झटका उठतो, तो बल्ब गिळून टाकतो आणि ठिणगीच मरते. मग आपण आपलाच दोष शोधत बसतो.

गाडी पूर्ण बंद पडली की तुमच्या हातात फार तर ५ मिनिटे असतात, कारण नंतर ती थंड होऊन निर्दोष होते. त्यामुळे काय करायचे याचा क्रम घरूनच ठरवून निघा आणि खिशात एक चांगला प्लग, क्लिपा लावलेली फ्यूजसह लांब वायर, छोटा मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हर ठेवा. टाकीच्या झाकणाचा आवाज ऐकून झाकण पुन्हा घट्ट लावा, मगच ठिणगीकडे वळा. एचटी वायर खिशातल्या प्लगला लावून तो प्लग सिलिंडर हेडच्या धातूला घट्ट टेकवा. इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्या, म्हणजे त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. मग किक मारा. ठिणगी नसेल तर चावी चालू ठेवून इंजिन किकने हळूहळू फिरवा आणि अँपिअर मीटरकडे पाहा : पॉइंट मिटले की काटा तीनेक अँपिअरने डिस्चार्जकडे गेला पाहिजे आणि उघडले की परत आला पाहिजे. काटा हललाच नाही तर पहिल्या वेटोळ्याचे सर्किट कुठेतरी तुटले आहे किंवा पॉइंट मिटूनही जुळत नाहीत. गेला आणि परतलाच नाही, तर पॉइंट उघडूनही करंटला इंजिनाच्या धातूत जायचा रस्ता मिळतो आहे. नीट जा-ये करतो आणि तरी ठिणगी नाही, तर कंडेन्सर किंवा कॉइलची दुसरी बाजू.

खुल्या हवेत पडणाऱ्या ठिणगीवर फार विसंबू नका, हेही इथेच सांगून टाकतो. वायूचा दाब वाढला की तेवढेच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलेला हा नियम प्रत्येक प्लगला लागू आहे. बाहेर अर्ध्या मिलिमीटरवर टपटप पडणारी ठिणगी सिलिंडरच्या आत, चढावर थ्रॉटल उघडल्यावर, पडेलच असे नाही. म्हणून मी तारेच्या दोन टोकांत ५-६ मिलिमीटर अंतर ठेवून ठिणगी उडते का ते पाहतो. त्याहून जास्त अंतर ठेवू नये आणि वायर मोकळी सोडून तर किक मुळीच मारू नये, कारण कुठे जाता न आलेले व्होल्टेज कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडून वाट काढते. याच नियमाचा उलटा उपयोगही होतो : प्लगचा गॅप तात्पुरता ०.६ वरून ०.४ मिलिमीटरवर आणून पाहा. मिस मारणे कमी झाले किंवा उशिरा येऊ लागले, तर ठिणगी अशक्त आहे हे सिद्ध झाले. हा इलाज नव्हे, फक्त पुरावा.

बल्ब विझला असेल तर आता हेडलाइटच्या वाटीत आणि टाकीखाली शिरावे लागेल. इंजिन मंद गतीवर ठेवून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. स्टिअरिंगच्या मानेपाशी हजारो वेळा वाकलेल्या वायरी तिथेच तुटतात. चावी चालू ठेवून तिला हलकेच वर-खाली ढकला. बुलेट कनेक्टर (वायरींचे गोळीसारखे जोड) एकेक करून ओढून पाहा. चिमटीने सहज निघणारा कनेक्टर हा कनेक्टर नव्हेच. आणि तपासताना टाकी जागेवर असू द्या. माझ्याकडे एक गाडी तीनदा येऊन तीनदा ‘ठीक’ होऊन गेली होती, कारण प्रत्येक वेळी मी टाकी उतरवून, बाटलीने पेट्रोल देऊन ती तासभर चालवून पाहत असे. चौथ्या वेळी टाकी उतरवताना तिच्या पोटाला खालून एक चकचकीत, नाण्याएवढा घासलेला डाग दिसला. टाकी बसवली आणि मालक वर बसला की कॉइलच्या पुरवठ्याची वायर तिथे दाबली जात होती. टाकी काढली की दोषही टाकीबरोबर बाजूला ठेवला जात होता.

पुरवठ्याचा संशय पक्का करायला त्या फ्यूजच्या वायरीने बॅटरीतून थेट कॉइलला पुरवठा द्या आणि तसेच अर्धा तास चालवा. दोष नाहीसा झाला तर स्विच आणि वायरिंग हेच कारण. मात्र या स्थितीत चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, म्हणून वायरीची क्लिप हाताला येईल अशी ठेवा.

बल्ब जळत राहिला असेल तर पॉइंटचे झाकण उघडा, आणि इथे घाई करू नका. पॉइंटच्या हलत्या भुजेला जाणारी जी बोटभर लांबीची वायर असते, ती दोन चिमट्यांत धरून अगदी हळू ओढा. अखंड वायर ताणली जात नाही. आतले तांब्याचे धागे तुटले असतील तर बाहेरचे आवरण रबरासारखे लांबते आणि सोडल्यावर आखडते. असे आवरण धाग्यांची टोके एकमेकांना टेकवून धरते, त्यामुळे मल्टिमीटर ‘शून्य ओहम’ दाखवतो आणि गाडी चालतेही. उष्णतेने आवरण मऊ झाले आणि इंजिन थरथरले की टोके सुटतात. उष्णता आणि हादरा अशी तुमची दोन्ही लक्षणे एकाच ठिकाणी जुळवणारे कारण विचाराल, तर माझा पहिला संशय याच वायरीवर आहे. पॉइंट बदलले तरी ही वायर बऱ्याचदा जुनीच राहते.

मग टर्मिनलच्या बोल्टवरचे फायबर वॉशर पाहा. त्यांचा क्रम चुकला किंवा एखादा चिरला असेल तर भुजेची स्प्रिंग धातूला केसभर अंतरावर राहते आणि गरम होऊन प्रसरण पावली की टेकते. अँपिअर मीटरचा काटा गेला आणि परतला नाही, तो हा प्रकार. कॅमला (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याला) ग्रीस जास्त लावले असेल तर ते गरम होऊन पातळ होते आणि पॉइंटच्या तोंडावर उडते. ‘थंड असताना ठीक, गरम झाल्यावर मिस’ या तक्रारीचे हे अगदी साधे कारण असूनही कोणी विचारात घेत नाही. नव्या पॉइंटच्या तोंडावर साठवणीतले तेलकट आवरणही असते, ते पुसल्याशिवाय बसवू नये. मी पॉइंट साफ करून शेवटी त्यांच्यामधून कोरा जाड कागद ओढून घेतो. कागदावर काळी रेघ उमटेनाशी झाली की थांबतो. गॅप गाडीच्या माहितीपुस्तकाप्रमाणे ठेवा. कॉइलच्या बहुतेक जुन्या गाड्यांत तो ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतो. कॅमच्या दांड्याची बुशिंग झिजलेली असेल तर गॅप प्रत्येक फेरीला बदलतो आणि टायमिंग भरकटते. दांडा हाताने बाजूला ढकलून फिलर गेजने (फट मोजायच्या पट्ट्यांनी) दोन्हीकडचे माप घेतले की ते कळते. पॉइंटची पाठची तबकडी आणि कंडेन्सरचा स्क्रू यांचा धातूशी संपर्क रंगाविना, गंजाविना हवा, हे सांगायला नकोच.

कंडेन्सरबद्दल थोडे सविस्तर. पॉइंट उघडतात त्या क्षणी करंटला थोपवून धरण्याचे काम तो करतो. तो नसेल तर पॉइंटमध्येच ठिणगी लांबते, क्षेत्र सावकाश कोसळते आणि प्लगला काही उरत नाही. अंधारात इंजिन मंद चालवून पॉइंट पाहा : बारीक, निळसर, अधूनमधून दिसणारी ठिणगी चालेल, पण सतत फडफडणारी जाड ठिणगी दिसली तर कंडेन्सर कामातून गेला आहे किंवा त्याचा संपर्क सुटला आहे. मल्टिमीटरने त्याची क्षमता ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास दिसली म्हणून तो निर्दोष ठरत नाही, कारण मीटर त्याला दोन-तीन व्होल्टवर, थंड असताना तपासतो, आणि गाडीत तो दोन-तीनशे व्होल्टवर, तापलेल्या इंजिनाला चिकटून काम करतो. तो फुटतो तो तिथेच. बदललेला नवा कंडेन्सर असा निघाला तर आश्चर्य नाही. चाचणी सोपी आहे : आतल्या कंडेन्सरची वायर सोडा, कारण तो गळत असेल तर नुसते समांतर जोडून भागत नाही, आणि ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर आखूड वायरींनी पॉइंटचे टर्मिनल आणि धातू यांच्यामध्ये, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर बांधा. गाडी तासभर नीट चालली तर तोच तिथे कायम ठेवायला हरकत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत तो कॉइलशेजारी पट्टीने बांधलेला आहे. दिसायला अस्सल नाही, पण मला त्याचे वाईट वाटत नाही.

कॉइलचा संशय उरला तर तिला एकटीलाच तापवा. इंजिन थंड असताना ते सुरू करून हेअर ड्रायरने फक्त कॉइलवर गरम हवा सोडा. ५-१० मिनिटांत मिस सुरू झाले तर दोष तिथे आहे. हाच प्रयोग कंडेन्सरवरही करता येतो, आणि एका वेळी एकच भाग तापवणे हे यातले पथ्य आहे. दोन्ही एकदम तापवले तर पुन्हा अंदाजावर आलो. उरली एचटी वायर आणि प्लग कॅप. कॅपचा आतला स्क्रू वायरीच्या तांब्यात रुतलेला असतो आणि वर्षानुवर्षांच्या थरथरीने तिथे पोकळी होते. वायरीचे टोक ५ मिलिमीटर कापून कॅप पुन्हा आवळली की नवा तांब्याचा गाभा मिळतो. कॅपमध्ये रोध असेल तर तो मोजा; ५ किलोओहमच्या जागी मीटरचा आकडा भटकताना दिसला तर कॅप बदला. काळोखात इंजिन चालू ठेवून वायर आणि कॅपभोवती पाण्याचा बारीक फवारा मारला, तर गळती असलेल्या जागी निळी चमक दिसते. त्या वेळी हात लांब ठेवा.

ज्यांच्या गाडीला बॅटरी-कॉइलऐवजी मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारे यंत्र) आहे, त्यांनाही तपासणीची हीच रीत चालेल, फक्त जागा बदलतात. तिथे बॅटरी नाही म्हणून बल्बची चाचणी नाही. पहिली पायरी म्हणजे इंजिन बंद करण्याच्या बटणाची वायर मॅग्नेटोपासून सोडणे. तिचे आवरण कुठे फाटून ती चॅसीला टेकत असेल तर दोष एका मिनिटात गेलेला दिसतो. इंजिन मग डीकॉम्प्रेसरने (सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या खटक्याने) किंवा गिअरमध्ये ब्रेक धरून बंद करावे लागते. त्यानंतर पिकअपचा (फिरत्या भागातून करंट बाहेर घेणाऱ्या तुकड्याचा) कार्बन ब्रश, स्लिप रिंगवरची काळी रेघ, अर्थचा ब्रश आणि पॉइंटच्या मधल्या बोल्टचा घट्टपणा पाहा. तो बोल्ट करंटही वाहून नेतो. पॉइंटचा गॅप मॅग्नेटोत साधारण ०.३ मिलिमीटर. बॉश कंपनीचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो तयार केल्यापासून त्याच्या बहुतेक रचनांत वेटोळे आणि कंडेन्सर आर्मेचरमध्येच (फिरणाऱ्या गाभ्यात) बसतात, त्यामुळे गरम झाल्यावर ठिणगी जाणारा मॅग्नेटो घरी उघडण्यात अर्थ नसतो. तो आर्मेचर पुन्हा गुंडाळणाऱ्याकडेच द्यावा. तरीही उघडलातच, तर आर्मेचर ओढण्याआधी सेफ्टी गॅपचा स्क्रू, पिकअप आणि अर्थचा ब्रश काढा, नाहीतर स्लिप रिंग तुटते.

तुमच्या गाडीकडे परत येतो. या आठवड्यात इतकेच करा : व्होल्टेज ड्रॉपची तीन मापे थंड आणि गरम अशा दोन्ही स्थितींत, नव्या कॉइलचा रोध आणि तिच्या टोकांची जोडणी, पॉइंटच्या वायरीची ती ताणाची परीक्षा, आणि मग बल्ब बांधून एक फेरी. वायर ताणली गेली तर ती बदलून बल्बसह पुन्हा फेरी मारा. सापडलेला पहिला दोष हाच शेवटचा, असे गृहीत धरू नका. गाडी बंद पडली तेव्हा बल्ब विझला होता की जळत होता, आणि अँपिअर मीटरचा काटा कसा वागला, हे मापांच्या आकड्यांसह कळवा. त्यावरून पुढे कंडेन्सरकडे जायचे की हेडलाइटच्या वाटीत, ते सांगता येईल.